बाळ घरी येते तेव्हा : पहिले चाळीस दिवस

प्रसूतिगृहातून निरोप मिळण्याचा दिवस प्रत्येक कुटुंबाच्या स्मरणात राहतो. रिक्षात आई अंग चोरून बसलेली असते, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला तीन किलोंचा जीव असतो आणि शेजारी औषधांची पिशवी सांभाळत बसलेला पिता चालकाला पुन्हा पुन्हा विनवीत असतो, "सावकाश चला, खड्डे सांभाळा." उंबरठ्यावर आजी वाट पाहत असते. शेजारीपाजारी डोकावून जातात, पेढे वाटले जातात आणि रात्र होते. त्या पहिल्या रात्री दोन वाजता बाळ रडू लागते, तेव्हा ध्यानात येते की आता हाक मारायला परिचारिका नाही.

पूर्वी वाडीतील मोठ्या घरात या प्रसंगी चार अनुभवी स्त्रिया हाताशी असत. आई, सासू, मावशी, आत्या यांपैकी कोणी बाळाला न्हाऊ घालीत असे, कोणी बाळंतिणीचे जेवण पाहत असे. आज अनेक तरुण जोडपी वसई-विरारच्या किंवा मुंबईच्या सदनिकेत एकटी राहतात. पती पहाटेची लोकल गाठतो, माहेर दूर असते आणि आजी स्वतःच रक्तदाबाच्या गोळ्या घेत असते. कोणी गावी, कोणी आखातात, कोणी परदेशात! सल्ले मात्र भ्रमणध्वनीवरून अखंड येत राहतात आणि त्यांतील दोन सल्ले एकमेकांशी जुळतील तर शपथ!

प्रस्तुत लेखात या पहिल्या सहा आठवड्यांत घरात नेमके काय घडते, त्यातील स्वाभाविक काय आणि चिंतेचे काय, याचा क्रमाने विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ सोयीचा नाही. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. त्यांपैकी २० बालके पहिल्या २८ दिवसांतच दगावली. महाराष्ट्रात हेच आकडे अनुक्रमे १६ आणि ११ होते. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या वर्षातील सर्वांत नाजूक काळ हा पहिल्या महिन्याचाच असतो आणि त्यातील बहुतेक दिवस बाळ आपल्या घरी, आपल्याच डोळ्यांसमोर असते.

चीक आणि दूध

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आईच्या स्तनातून जो दाट, पिवळसर द्रव येतो त्यास चीक म्हणतात. काही घरांतून तो 'खराब' समजून पिळून टाकण्याची रीत होती. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो समृद्ध असतो, म्हणूनच त्याला बाळाची पहिली लस म्हटले जाते. तो थोडा येतो याचे कारण बाळाला तेवढाच हवा असतो. पहिल्या दिवशी एका वेळी एक-दोन लहान चमचे चीक नवजात बालकास पुरतो. साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध 'उतरते', स्तन जड होतात आणि आईला किंचित कणकणही वाटते.

"माझे दूध बाळाला पुरत नाही" ही या काळातील सर्वांत मोठी भीती असते. येथे दूध तयार होण्याची रीत समजून घेतली पाहिजे. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते. चोखण्याच्या क्रियेने आईच्या मेंदूकडे संदेश जातो, प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते आणि दुधाची निर्मिती होते. हे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध बाहेर येण्यास मदत करणारे दुसरे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. वेदना, भीती आणि अपमान यांनी त्याला अडथळा होतो. "तुला दूधच नाही" असे बाळंतिणीला ऐकविणारी व्यक्ती नकळत ते दूध अडविण्यास हातभार लावीत असते.

भीतीपोटी वरच्या दुधाची बाटली सुरू केली की बाळाचे पोट भरते, ते कमी चोखते आणि त्यामुळे दूध खरोखरीच कमी होते. या दुष्टचक्राची जाणीव ठेवूनच आपल्या देशात १९९२ साली कायदा करण्यात आला आणि शिशुदुग्धाच्या पर्यायांच्या जाहिरातींवर बंदी घालण्यात आली. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर ते अवश्य द्यावे. त्यात आईने कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र ते केवळ शेजारणीच्या सल्ल्याने सुरू करू नये.

दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे? बाळाने चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यावे. पाचव्या दिवसानंतर त्याने दिवसरात्र मिळून किमान सहा वेळा लंगोट ओला करावा, लघवी फिकट असावी आणि काळपट शी जाऊन पिवळी, पातळसर शी होऊ लागावी. पाजताना स्तनाग्रापुरतेच नव्हे, तर भोवतालच्या काळसर भागाचा बराचसा अंश बाळाच्या तोंडात असावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पाजताना सतत दुखत असेल, चिरा पडत असतील, तर बहुधा बाळ नीट धरले गेलेले नसते. परिचारिकेने अथवा स्तनपान-समुपदेशकाने दहा मिनिटे शेजारी बसून दाखविले, तर बहुतेक अडचणी सुटतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाव्यतिरिक्त पाणीसुद्धा देण्याची गरज नसते, अगदी उन्हाळ्यातही. डॉक्टरांनी दिलेले 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब मात्र नियमाने द्यावेत.

वजन उतरते, अंग पिवळे पडते

घरी आलेल्या बाळाचे वजन पहिल्या तपासणीत घटलेले दिसते आणि घर हादरते. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत घट होणे स्वाभाविक आहे. तीन किलोंच्या बाळाच्या बाबतीत ही घट सुमारे दोनशे ग्रॅम होते. घट दहा टक्क्यांकडे झुकू लागली, तर डॉक्टरांनी पाजण्याची पद्धत आणि बाळाची प्रकृती दोन्ही तपासावीत. दोन आठवड्यांच्या सुमारास बाळ जन्माच्या वजनावर परत येते आणि त्यानंतर दिवसाला सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढू लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक नवजात बालकांच्या त्वचेवर पिवळेपणा दिसतो. जन्मानंतर जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते आणि बाळाचे अपक्व यकृत ते तेवढ्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. बहुतेक बाळांची ही कावीळ दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. परंतु हे द्रव्य फार वाढले तर ते मेंदूला कायमची इजा करू शकते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ, दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली कावीळ आणि तिच्यासोबत पांढरट शी होणे किंवा बाळ मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

या काविळीवरील निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा इतिहास उद्बोधक आहे. १९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड आडनावाच्या सिस्टर काम करीत असत. (तेथे मुख्य परिचारिकेस सिस्टर म्हणतात.) त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचा उघडा राहिलेला भाग फिकट आणि कपड्याखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला आहे, हे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यातूनच डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार विकसित केला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. मग बाळाला उन्हातच का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच येतो. उन्हात किती मात्रा मिळाली हे मोजता येत नाही, बाळ तापते, त्याच्या अंगातील पाणी कमी होते आणि आपण उपचार केल्याच्या समाधानात वेळ दवडतो. तीव्र काविळीवर कोवळे ऊन हा उपचार नव्हे.

झोप आणि रडणे

नवजात बालक दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते, परंतु सलग नव्हे. दोन-तीन तासांचे तुकडे असतात आणि दिवस-रात्रीचा भेद त्याला दोन-तीन महिन्यांनी कळू लागतो. हे बाळाचे दुर्गुण नाहीत की आईचे अपयश नाही. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्या, घरातील आवाज चालू द्यावेत आणि रात्री मंद दिव्यात, न बोलता पाजावे. एवढ्याने तो भेद शिकण्यास मदत होते.

बाळाला झोपेसाठी नेहमी पाठीवर निजवावे. पालथे निजविल्याने अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. १९९०च्या दशकात अनेक देशांनी पाठीवर निजविण्याची मोहीम राबविली, तेव्हा अशा मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, लोड, मऊ खेळणी व जाड गोधडी तोंडाजवळ नसावी. बाळाने आईच्या खोलीत झोपावे. मात्र घरातील कोणी मद्य घेतले असेल, धूम्रपान केले असेल किंवा गुंगी आणणारे औषध घेतले असेल, तर त्याने बाळाशेजारी मुळीच निजू नये. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डोळा लागू देणे विशेष धोक्याचे आहे.

आता रडण्याविषयी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ साली ८० बालकांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते शिगेला पोहोचते आणि पुढे ओसरू लागते, असे त्यांना आढळले. शिखरावर असताना धडधाकट बाळेसुद्धा दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडत होती, तीही मुख्यतः संध्याकाळी. पोट भरले आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही आणि तरीही बाळ रडते आहे, अशी वेळ प्रत्येक घरावर येते. बाळाला उभे धरावे, छातीशी लावावे, गुणगुणावे, खोलीत फिरावे. सहनशक्ती संपत असेल तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, कोणाला तरी बोलवावे. बाळाला रागाने हलवू मात्र नये. काही क्षणांच्या जोरदार हिसक्यांनीही त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

नाळ, अंघोळ आणि जुन्या रीती

नाळेचा उरलेला तुकडा बहुधा एक ते दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत, सुकून गळतो. त्यावर तेल, हळद, राख, पावडर काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी व लंगोट तिच्या खाली बांधावा. बेंबीभोवती लाली, पू किंवा दुर्गंधी दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ कापडाने अंग पुसणे पुरेसे असते.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या रीतींकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. त्यांपैकी कित्येक रीती अनुभवातून आलेल्या व हितकर आहेत. बाळंतिणीला सव्वा महिना घरकामातून मोकळीक देणे, तिला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, नाचणी, मासळी, डाळी असे सकस अन्न आग्रहाने खाऊ घालणे, बाळाच्या अंगाला खोबरेल तेल हलक्या हाताने चोळणे, बाळाला कुंची घालून उबेत ठेवणे, या सर्व गोष्टींना आजचे वैद्यकही मान देते. ऊब तर फार मोलाची. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. 'कांगारू मातृसेवा' या नावाने ती आज जगभर वापरली जाते. हीच ऊब पिताही देऊ शकतो.

काही रीती मात्र निरोप देण्याजोग्या आहेत. बाळाला मध चाटवू नये. त्यातील जंतुबीजांमुळे एक वर्षाखालील बाळास बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. काजळात शिसे असू शकते. नाकाकानात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरण्याचा किंवा जंतुसंसर्गाचा धोका असतो. टाळू दाबून 'भरण्याची' गरज नसते, ती पुढे आपोआप भरून येते. बाळाची छाती पिळून 'दूध' काढल्याने गळू होऊ शकते. घुटी व ग्राइप वॉटर यांची आवश्यकता नाही. सर्वांत गंभीर बाब शेगडीची. दारे-खिडक्या बंद करून निखाऱ्यावर शेक-शेगडी व धुरी दिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू खोलीत साचतो, आणि तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा, आईपुरता घ्यावा.

शांत बाळाची काळजी

रडणाऱ्या बाळाकडे सर्वांचे लक्ष जाते. खरी चिंता अनेकदा न रडणाऱ्या बाळाची असते. "आज किती शहाण्यासारखे झोपले आहे," असे म्हणत आपण पाहत राहतो, आणि जंतुसंसर्ग झालेले बाळ हळूहळू मावळत असते. नवजात बालकाचा आजार मोठ्यांच्या आजारासारखा गाजावाजा करीत येत नाही. म्हणून पुढील लक्षणे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत.

बाळ दूध ओढेनासे झाले अथवा पिण्यासाठी जागेच होत नाही. हातपाय गळून गेले, हालचाल मंदावली. शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास मोजले गेले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस अथवा अधिक झाले, किंवा ३५.५ अंशांहून खाली गेले. झटके आले. ओठ वा जीभ निळसर झाली. उलटी हिरवी झाली. यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. अशा वेळी सकाळ होण्याची, पती कामावरून परतण्याची किंवा दृष्ट काढून पाहण्याची वाट बघू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०११ सालापासून सुरू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकास विनामूल्य उपचार व वाहतूक मिळण्याची तरतूद आहे.

लक्ष ठेवणाऱ्या साध्या डोळ्यांचे सामर्थ्य किती मोठे असते, हे जगाला महाराष्ट्रानेच दाखविले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बालकांची तपासणी करण्याचे शिक्षण दिले. वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्यांनी केली. प्रयोगाच्या आरंभी या खेड्यांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली भारत सरकारने घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी 'आशा' कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. ती दारात आली की "आमचे सगळे ठीक आहे" असे म्हणून तिला परत पाठवू नये. तिला आत बोलवावे, बाळ दाखवावे आणि मनातील शंका विचाराव्यात.

आईकडे कोण पाहते?

घरी येणारा प्रत्येक जण प्रथम पाळण्याकडे जातो. ज्या देहातून तो जीव आला, त्याची विचारपूस शेवटी होते, किंवा होतच नाही. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे हा आईच्याही देहाचा नाजूक काळ असतो. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ३८ अंशांवरील ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, एका पायाला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. दूध पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत दररोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या असतात. पाणी कमी पिण्याचे जुने पथ्य तर पूर्णतः चुकीचे आहे.

मनाचे काय? तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक मातांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, उदास वाटते. संप्रेरकांची पातळी एकाएकी उतरते, झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात. हे ढग दोन आठवड्यांत विरतात. ते विरले नाहीत, उलट दाटून आले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ टक्के मातांमध्ये या नैराश्याची लक्षणे आढळली, म्हणजे पाचांत एकीहून अधिक. आपल्या ओळखीच्या पाच बाळंतिणी आठवून पाहाव्यात आणि त्यांच्यापैकी कोणी हे बोलून दाखविले होते का, याचा विचार करावा.

ती बोलत नाही, कारण "देवाने एवढे सुंदर मूल दिले, तुला रडायला काय झाले?" हा प्रश्न तिने आधीच ऐकलेला असतो. अशा वेळी तिला कृतघ्न ठरविणे किंवा केवळ प्रार्थना कर असे सांगणे पुरेसे नाही. प्रार्थनेची साथ अवश्य असावी, परंतु मधुमेहाला जसे औषध लागते तसे या आजारालाही उपचार लागतात, आणि ते गुणकारी असतात. बाळाविषयी काहीच वाटेनासे होणे, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे, 'मी नसते तर बरे' असे विचार येणे, भास होणे ही लक्षणे विलंब न करता डॉक्टरांना सांगावीत. असे विचार बोलून दाखविणाऱ्या मातेला क्षणभरही एकटी सोडू नये. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

पित्याचे काम, पाहुण्यांची मर्यादा

"मी काय करू? पाजणे तर मला जमणार नाही," असे अनेक तरुण पिते म्हणतात. पाजणे सोडून बाकी सारे त्यांना करता येते. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, कपडे धुणे, बाळाला छातीशी घेणे, आईचे ताट तिच्या हाताशी आणून देणे, आणि आईला दिवसातून एकदा तरी सलग तीन-चार तास झोप मिळेल अशी व्यवस्था करणे. आणखी एक काम तर तोच करू शकतो. पत्नी आणि आपली आई यांच्यात सल्ल्यांवरून ओढाताण सुरू झाली की, "डॉक्टरांनी असे सांगितले आहे, आपण तसे करू," हे शांतपणे सांगण्याची जबाबदारी त्याची आहे. सुनेला हे सांगावे लागले तर तो उद्धटपणा ठरतो. मुलाने सांगितले तर तो निर्णय ठरतो.

केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत मात्र ती मालकाच्या धोरणावर अवलंबून असते. मातेसाठी २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा करण्यात आली. शेतात, घरकामात वा किरकोळ विक्रीत राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत ती पोहोचत नाही, याचे भान आपण समाज म्हणून ठेवले पाहिजे. शेजारची भाजीवाली बाई बाळंत झाली असेल, तर तिच्याकडे बाळंतविडा नेताना आठवडाभराचा किराणाही न्यावा.

पाहुण्यांनी आपली भेट लहान ठेवावी. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये, हात धुतल्याविना बाळाला घेऊ नये आणि त्याचे मुके घेऊ नयेत. रिकाम्या हाताने जाऊन चहाची वाट पाहण्यापेक्षा भाताचा डबा घेऊन जावे आणि भांडी घासून परत यावे. "मुलगीच झाली का?" हा प्रश्न तर कायमचा हद्दपार व्हावा.

नोंदी, लसी आणि संस्कार

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर माहिती कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, पण आईवडिलांच्या नावांची अक्षरे तपासून घेणे आपले काम आहे. नाव ठरलेले नसले तरी नोंद अडत नाही. नाव बारा महिन्यांच्या आत शुल्काविना घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरविण्यात आला आहे, त्यामुळे आजची एक चूक उद्याच्या अनेक खेपांना कारण होईल.

जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी या लसी दिलेल्या असल्याची खात्री कार्डावर करून घ्यावी. पुढील लसी सहा आठवडे पूर्ण झाल्यावर असतात. त्याच दिवशी आईचीही तपासणी करून घेतली, तर एका खेपेत दोन कामे होतात.

बाप्तिस्म्याविषयीही दोन शब्द. १९८३ सालच्या कॅनन कायद्यातील ८६७ व्या कलमानुसार आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत होईल अशी काळजी घ्यावयाची असते. बाळाच्या जिवाला धोका असेल तर तो विनाविलंब द्यावयाचा असतो, आणि अशा निकडीच्या प्रसंगी योग्य हेतूने कोणतीही व्यक्ती तो देऊ शकते. संस्कारासाठी पाणी लागते, विश्वास लागतो, धर्ममाता अथवा धर्मपिता लागतो. मंडप, बँड आणि पाचशे पानांची पंगत यांचा कायद्यात कोठेही उल्लेख नाही. प्रसूतीच्या खर्चाने वाकलेल्या कुटुंबाने मेजवानीसाठी कर्ज काढू नये, आणि मेजवानीसाठी पैसे जमेपर्यंत संस्कार लांबवूही नये.

चाळिसावा दिवस

वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचा काळ बेचाळीस दिवसांचा मानते. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणतात. आणि मोशेच्या नियमानुसार चाळिसाव्या दिवशी मरिया व योसेफ आपल्या बाळाला घेऊन येरुशलेमच्या मंदिरात गेले, त्या घटनेचा सण आपण २ फेब्रुवारीला साजरा करतो. लूकच्या शुभवर्तमानात सांगितल्याप्रमाणे त्यांनी अर्पण केली ती पक्ष्यांची जोडी, गरिबांना परवडेल असे अर्पण. मंदिरात त्यांना भेटले ते शिमोन आणि वयोवृद्ध हन्ना. त्या गर्दीत बाळाला ओळखणारे डोळे होते ते या दोघांचे.

आपल्या गावात, आपल्या इमारतीत या महिन्यात कोणाकडे तरी बाळ आलेले असेल. त्या घराचे दार हलकेच वाजवावे. आधी आईला विचारावे, "बाई, तू जेवलीस का? रात्री झोप लागली का?" उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. आणि मग हात धुऊन बाळाकडे जावे.